दोन व्याही आणि एक हललेला फोटो

केरिमकुलच्या घरात फोटो भरपूर होते, पण त्यातलं एकही माणूस ओळखू येत नव्हतं.

"हे कोण?" भिंतीवरची धूळ पुसता पुसता आसिलकानने विचारलं.

"तुझी आई."

"माझी आई? अहो, हा धूर आहे!"

"झोका घेत होत्या ना त्या दिवशी. झोका दिसत नाही का तुला त्यात?"

आसिलकानने मान तिरकी केली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिने एक युक्ती शिकून घेतली होती. नवऱ्याच्या फोटोत मध्यभागी काही शोधायचं नाही. कडेकोपऱ्यात जायचं, तिथे काही ओळखीचं सापडतंय का ते बघायचं आणि त्याचं कौतुक करून मोकळं व्हायचं.

"मागचं कुंपण छान आलंय," ती म्हणाली. केरिमकुल दिवसभर खूश होता.

गावात दातांचा डॉक्टर एकच, आणि तो केरिमकुल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडी एकच वाक्य. खुर्चीत मेंढपाळ बसो की मास्तरीण, "हलू नका, अजिबात हलू नका." आता जन्मभर लोकांना हलू नका म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय साठत असेल, याचा विचार कुणी केला नव्हता. सुटीचा दिवस उजाडला की तो कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि जे जे हलतं त्याच्या मागे जायचा. इसिक-कुल सरोवराच्या काठाने पळणारे घोडे, फाट्यावरून भरधाव जाणाऱ्या मिनीबस, लव्हाळ्यातून उडणारी बदकं, डोंगरावरून सावकाश सरोवरात उतरणारे ढग.

"पळणारा घोडा फोटोत थांबला तर तो घोडा कसला? पेंढा भरलेला घोडा तो!" असं त्याचं म्हणणं. म्हणून तो कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवायचा आणि घोडा जाईल तसा स्वतःही कमरेतून वळायचा. कॅमेऱ्याच्या वेगाने जे चाललंय ते स्वच्छ येतं आणि बाकीचं जग वाहून जातं. हे झालं पुस्तकातलं. केरिमकुलच्या हातून बहुतेक वेळा घोडाही वाहून जायचा, जगही वाहून जायचं, आणि एखादं भलतंच कुत्रं तेवढं ठसठशीत यायचं. त्याला त्याचं काही वाईट वाटत नसे. त्या वाहत्या रंगांकडे बघत तो चहा थंड होईपर्यंत बसून राहायचा. त्याला वाटायचं, स्वप्नात सगळं असंच तर दिसतं.

"केरिम, तुझ्या फोटोंना चष्मा लागलाय रे," थोरला भाऊ ओमुरझाक म्हणायचा. केरिमकुल नुसता हसायचा.

तर या ओमुरझाकच्या मुलीचं, बेगिमायचं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या गावचा, एल्दियार नावाचा. जर्दाळू पिकायच्या दिवसांत मुलाकडची मंडळी मुलीच्या कानात डूल घालायला आली. मुलाने त्या दिवशी यायचं नसतं, त्यामुळे तो आपल्या गावी मेंढरं राखत होता. मुलाचा बाप शेयशेन मात्र आला होता, आणि आला तो मिनीबसने नाही, आपल्या राखाडी घोड्यावर बसून.

तिथेच माशी शिंकली. कारण घोडा ओमुरझाककडेही होता, तांबडा. दोन्ही घोडे चालीचे. म्हणजे दौडत नाहीत, पण असे झपाझप, सुळकन चालतात की स्वाराच्या हातातल्या वाटीतला चहा हिंदकळत नाही. असा घोडा ज्याच्याकडे आहे तो माणूस, साठी उलटली तरी, दुसऱ्याच्या चालीच्या घोड्याकडे सरळ नजरेने बघूच शकत नाही.

"घोडा छान आहे हो तुमचा, व्याहीबुवा," जेवता जेवता ओमुरझाक म्हणाला. "या वयात असाच शांत घोडा बरा."

शेयशेनने हातातलं हाड ताटात ठेवलं. "तुमचा तांबडाही गोंडस आहे हं. दूध किती देतो?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आसिलकानने पटकन बोरसोकांची परात पुढे सरकवली, पण आता तळलेल्या पिठाने काही भागणार नव्हतं. घोडीच्या आंबट दुधाच्या, किमिझच्या, वाट्या रिकाम्या व्हायच्या आत शर्यत ठरली. गावाबाहेरच्या पॉपलरच्या रांगेपासून ते काठाजवळच्या पांढऱ्या खडकापर्यंत. आणि हरेल त्याने लग्नाच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांदेखत जिंकणाऱ्याचा लगाम धरून त्याला अंगणभर मिरवायचं.

"निवाडा कोण करणार पण?" कुणीतरी विचारलं. गावातला प्रत्येक म्हातारा या ना त्या बाजूने नातेवाईक निघत होता.

"डॉक्टरांचा कॅमेरा करेल," शेयशेन म्हणाला. "कॅमेऱ्याला नातेवाईक नसतात."

"अहो, पण मी ओमुरझाकदादाचा सख्खा भाऊ आहे," केरिमकुल गडबडून म्हणाला.

"असा की! माझं अख्खं तोंड मी तुमच्या हातात देतो, डॉक्टर, मोठ्ठा आ करून. त्याहून जास्त विश्वास माणसाने माणसावर काय टाकायचा?" असं म्हणून शेयशेन हसला. त्याचे वरचे सोन्याचे दात चमकले. ते केरिमकुलनेच बसवलेले होते.

केरिमकुलचे कान लाल झाले. त्याच्या फोटोची कुणाला गरज आहे, हे तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. आसिलकानने त्याला जर्दाळूच्या झाडाआड ओढलं.

"अहो, हात जोडते तुम्हाला. आज तरी घोडा थांबू दे फोटोत. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"थांबवतो की. मला काय येत नाही?" आणि त्याने तिच्यासमोर कॅमेऱ्याची चाकं फिरवून असा बेत केला की बंदुकीची गोळीसुद्धा फोटोत लटकून राहिली असती. आसिलकानचा जीव भांड्यात पडला. तिने बेगिमायला बोलवायला म्हणून आत डोकावलं, तर दार लोटलेलं. "तिचं डोकं दुखतंय," तिची आई म्हणाली. "हल्ली रोज दुपारी दुखतं मेलं."

सगळं गाव खडकापाशी जमलं. केरिमकुल मात्र गर्दीपासून लांब, एका उंचवट्यावर एकटाच उभा राहिला. समोर गवताचा पट्टा, त्याच्या पलीकडे काठाकाठाने जाणारा रस्ता, आणि त्याच्याही पलीकडे सरोवर. ऊन कलत होतं. एक ढग बाजूला सरला आणि पाण्यावर असा काही रंग पसरला की केरिमकुलला आपण कुठे उभे आहोत याचाच विसर पडला. धड निळा नाही, धड सोनेरी नाही. गवत एका बाजूला लवत होतं, वाऱ्याला जर्दाळूचा वास होता, आणि लांबून टापांचा आवाज येत होता, टपटपटपटप, कुणी झोपेत असताना बाहेर पाऊस पडावा तसा. दोन पांढरे कल्पाक डोक्यावर घालून दोन म्हातारे त्या उजेडातून तरंगत येत होते. त्यांचे खांदेसुद्धा हलत नव्हते. खालचे घोडे तेवढे वाहत होते.

"हे थांबवायचं?" केरिमकुलच्या मनात आलं. "हे कसं थांबवायचं?"

त्याच्या बोटांनी कॅमेऱ्याची चाकं कधी उलटी फिरवली, ते त्यालाही कळलं नाही. घोडे खडकाजवळ आले. तो कमरेतून वळला, अगदी सावकाश, आणि बटण दाबलं. एकदाच.

मग एकदम आरडाओरडा झाला. "तांबडा!" "राखाडी!" "तांबडा, तांबडा!" "डोळे फुटले का रे तुझे?" दोन्ही घोडे खडकावरून इतके जोडीने गेले होते की कुणाचंच एकमत होईना. दोघे व्याही घोडे थंड करायला दोन दिशांना निघून गेले आणि जाता जाता दोघांनीही उंचवट्याकडे बघून हात केला.

केरिमकुलने कॅमेऱ्याच्या मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर फोटो पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फोटो होता. सरोवराची एक लांब निळी रेघ, गवताची एक सोनेरी रेघ, आणि मधून तांबूस-राखाडी असं काहीतरी झुळझुळत चाललेलं, ज्याला दहा-बारा पाय होते आणि वर एकच लांबलचक पांढरा कल्पाक. दुसऱ्या क्षणी त्याचं पाणी आटलं. या फोटोत कोण जिंकलं होतं हे साक्षात परमेश्वरालाही सांगता आलं नसतं.

"बघू बघू!" मागून बुरुलचा मावशीने त्याच्या खांद्यावरून मान घातली.

मावशीचं नाव बुरुलचा, ती शेजारची. गावात कुणाला मुलगा झाला, कुणाची गाय व्याली, कुणाचा भाचा सैन्यातून सुटून आला, की ती धापा टाकत पहिली हजर. "सुयुंचू!" म्हणून ओरडायची आणि हात पुढे करायची. आनंदाची बातमी पहिल्यांदा सांगणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवावंच लागतं. मावशीचं निम्मं घर सुयुंचूवर सजलेलं होतं.

"तांबडं पुढे आहे की!" मावशी म्हणाली. केरिमकुल "अहो मावशी, थांबा" म्हणेपर्यंत ती उतारावरून निम्मी गेलीसुद्धा. "सुयुंचू, ओमुरझाक, सुयुंचू! तुझा तांबडा जिंकला! फोटोत बघून आले!"

ओमुरझाकने आनंदाच्या भरात अंगातला नवाकोरा मखमली चापान उतरवला आणि मावशीच्या खांद्यावर टाकला. मावशी पायघोळ चापान सावरत परत आली, ती फोटो पुन्हा एकदा डोळे भरून बघायला. आता तिने कॅमेरा जरा दुसऱ्या अंगाने धरला.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे तर राखाडी दिसतंय पुढे."

"मावशी, तसं नाही, ते काहीच..."

"म्हणजे मी खोटं सांगून आले? नको रे बाबा, माझ्या जिवाला लागून राहील." आणि केवळ सचोटीपायी मावशी दुसऱ्या दिशेने पळाली. "सुयुंचू, शेयशेन, सुयुंचू!"

शेयशेनकडे द्यायला चापान नव्हता. त्याने तिथल्या तिथे ओळखीच्या मेंढपाळाकडून एक कोकरू घेतलं आणि मावशीच्या हातात दोरी दिली.

केरिमकुलने मावशीची वाट अडवली. "मावशी, तुम्ही काय करून ठेवलंत! जा, दोघांचं दोघांना परत द्या आणि सांगा की काही कळत नाही म्हणून."

"परत?" मावशीने चापान घट्ट आवळला. "सुयुंचू परत करतात होय कुठे? लग्नाच्या घरात अपशकुन करू? आणि मी खोटं काय बोलले? मला दोन्ही वेळा दिसलं, तेच सांगितलं!"

आता दोन व्याही समोरासमोर येतील आणि मारामारी जुंपेल, या विचाराने केरिमकुलने डोळे मिटून घेतले. झालं उलटंच. ओमुरझाकने कोकरू पाहिलं.

"मावशी, कोकरू कुणी दिलं?"

"व्याह्यांनी."

ओमुरझाक गहिवरला. माझ्या घोड्याच्या विजयाची बातमी ऐकून हरलेला माणूस कोकरू देतो, काय मन म्हणायचं हे! तिकडे शेयशेनने चापान ओळखला आणि तोही विरघळला. दोघं एकमेकांकडे चालत आले आणि त्यांनी कडकडून मिठी मारली.

"मनाला लावून घेऊ नका हं, व्याहीबुवा," ओमुरझाक म्हणाला.

"छे छे. तुम्हीच लावून घेऊ नका."

"मी कशाला लावून घेऊ?"

"हेच! हेच आवडलं मला तुमचं," शेयशेन डोळे पुसत म्हणाला. "असं काळीज पाहिजे माणसाला. लग्नात लगाम धरताना मात्र लाजायचं नाही."

"लाजायचं काय त्यात? तुम्ही नका लाजू म्हणजे झालं."

दोघांनी एकाच वाटीतून किमिझ प्यायला. सगळं गाव कौतुकाने बघत होतं. केरिमकुलला वाटलं, इथेच जमीन दुभंगावी आणि कॅमेऱ्यासकट आपल्याला पोटात घ्यावं.

दुसऱ्याच दिवशी ओमुरझाक दवाखान्यात आला. "केरिम, तो फोटो मोठा करायचा. भिंतीवरच्या गालिच्याएवढा! लग्नात लावू. दुरूनसुद्धा दिसला पाहिजे माझा तांबडा."

"दादा, जरा ऐक. तो फोटो थोडा..."

"नाही म्हणू नकोस. मी तुझ्या फोटोंना जन्मभर हसलो, त्याची भरपाई समज." भावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं, एक विचारायचं होतं. अक्कलदाढेने डोकं दुखतं का रे? बेगिमाय रोज दुपारी पडून असते, हाक मारली तर ओ देत नाही."

दोन दिवसांनी शेयशेन दाढ भरायला आला. केरिमकुलने ठरवलं, आता सांगून टाकायचं. शेयशेनचा आ वासलेला, तोंडात कापूस. उलट बोलायची सोय नाही. यापेक्षा चांगली वेळ मिळायची नव्हती. त्याने मशीन सुरू केली आणि मान खाली घालून बोलत सुटला. फोटो कसा हलला, रंग कसे पडले होते, आपली बोटं कशी फिरली, बुरुलचा मावशी कशी पळाली, सगळं सगळं. बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने मशीन बंद करून कपाळावरचा घाम पुसला.

शेयशेनने कापूस थुंकला. "काय म्हणत होता, डॉक्टर? ती मशीन कानाशी गुरगुरायला लागली की मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

केरिमकुल खुर्चीच्या हाताला टेकला.

"मी काय म्हणत होतो," शेयशेन आरशात दाढ बघत म्हणाला, "फोटो मांडवात लावायचा. माझे भाऊबंद तलासहून येणार आहेत, खास राखाडी बघायला. आणि समजा, हां, नुसतं समजा, की फोटो दिसलाच नाही. तर मी समजेन तुमच्या दादाने दाबला. तसल्या घरची मुलगी मग मी... जाऊ दे. तशी वेळ यायची नाही. फार मोठ्या मनाचे आहेत ते." तो उठला आणि दारापाशी थांबून कुरकुरला, "मन मोठं असावं, पण माणसाने सावधही असावं. आता माझी मोटरसायकल घ्या, साईडकारवाली. शेडमध्ये कुलपात असते. मी कुणाला हात लावू देत नाही. तरी टाकी रोज रिकामी! शेजारी पेट्रोल पितो की काय कोण जाणे."

घरी आसिलकानने सगळं ऐकून घेतलं. "सांगा की कॅमेरा सरोवरात पडला."

"म्हणजे दादाने दाबला असंच होणार."

"मग दुसरा फोटो काढा. दोघांना पुन्हा पळवा."

"आणि कशासाठी पळवतोय म्हणून सांगू?"

आसिलकान चहा ओतता ओतता थांबली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिला खरंच कळवळा आला. "अहो, बेगिमायला मी मांडीवर खेळवलीये. तिचं लग्न मोडलं ना, तर मी त्या कॅमेऱ्याचं काय करीन ते मलाच सांगता यायचं नाही." बेगिमाय केरिमकुलचीही लाडकी होती. गावात त्याचे फोटो शेवटपर्यंत बघणारी ती एकटीच, आणि "काका, यात वारा दिसतो हं," असं म्हणणारीही तीच.

शेवटी त्याने ठरवलं की जे आहे ते आहे. तो काराकोल शहरात गेला आणि छपाईच्या दुकानात फोटो देऊन म्हणाला, "कापडावर. गालिच्याएवढा."

दुकानदाराने आपल्या मोठ्या पडद्यावर फोटो उघडला आणि बराच वेळ नाक खुपसून बघत बसला. "बाकी सगळं हललंय, पण दोघं झकास आलेत हं!" तो म्हणाला. केरिमकुलचा ऊर भरून आला. शहर गाठून का होईना, एक तरी माणूस भेटला होता ज्याला त्या धुक्यात दोन व्याही दिसले. त्याने कापडाची गुंडाळी काखोटीला मारली आणि मिनीबसमध्ये खिडकीशी बसून वाहत्या झाडांकडे बघत तो घरी आला. गुंडाळी उघडून बघायचा धीर मात्र त्याला झाला नाही.

लग्नाच्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हता. तलासचे भाऊबंद आले होते. दोन्ही घोडे झूल घालून, गोंडे लावून तयार उभे होते आणि दोघे व्याही एकमेकांना "या, या, धरा लगाम" अशा नजरेने खुणावत होते. वधूवर मध्यभागी खाली मान घालून बसले होते, तीन-चारदाच भेटलेल्या माणसांनी बसावं तसे अंतर ठेवून.

"लाव रे केरिम!" ओमुरझाक म्हणाला. केरिमकुलने दोरी सोडली आणि कापड सळसळत खाली आलं.

निळं, सोनेरी, तांबूस, राखाडी असं काहीतरी भिंतभर वाहत होतं. एका तान्ह्या मुलाने ते बघून हात पुढे केले. बाकी कुणी हललं नाही.

"हा बघा माझा तांबडा," ओमुरझाक शेवटी म्हणाला.

"कुठे? ती माझ्या राखाडीची मान आहे!"

"मान? ते शेपूट आहे!"

"शेपूट पुढे असतं का हो तुमच्याकडे?"

"थांबा, थांबा. तुमचा राखाडी पुढे कशाला असेल? तुम्ही हरलात ना! कोकरू दिलंत!"

"मी हरलो? तुम्ही अंगातला चापान काढून दिलात!"

दोघांनी एकाच वेळी बुरुलचा मावशीकडे मान वळवली. मावशी चापान घालूनच आली होती. "मला दोन्ही दिसले," ती लहान आवाजात म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. "तुम्ही मला फसवलंत!" "तुमच्या भावाने मुद्दाम हलवला!" "माझ्या भावाचे सगळेच फोटो असे असतात, गावाला विचारा!" तलासचे भाऊबंद उठून उभे राहिले. शेयशेनने डोक्यावरचा कल्पाक ताठ केला आणि तो शब्द उच्चारला ज्याची केरिमकुलला इतके दिवस धास्ती होती. "चला. आपल्याला नाही करायची सोयरीक इथे."

बेगिमायने मान वर केली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपल्या एका बोटाच्या चाळ्याने पोरीचा संसार मोडला, असं केरिमकुलला वाटलं. तो फोटोसमोर जाऊन उभा राहिला, हात पसरून, जणू ते कापड झाकलं की सगळं परत पहिल्यासारखं होणार होतं. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "सगळ्यांची माफी मागतो. मला वाटलं, सुंदर दिसेल."

नवऱ्याची ती केविलवाणी अवस्था आसिलकानला बघवेना. काहीतरी बरं बोलायला हवं होतं. जुन्या सवयीने तिची नजर मध्यभाग सोडून फोटोच्या कोपऱ्यात गेली.

"अहो, मागचं छान आलंय हं," ती म्हणाली. आणि मग तीच थबकली. "अगं बाई."

सगळ्यांनी पाहिलं. घोड्यांच्या त्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला, सरोवराच्या रेघेला लागून, रस्त्यावर एक गोष्ट अशी स्वच्छ, रेखीव, ठसठशीत आली होती की तिचे स्क्रू मोजून घ्यावेत. साईडकारची मोटरसायकल. साईडकारमध्ये एक तरुण, कल्पाक उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसलेला, तोंड फाडून हसणारा. आणि हँडल धरून, केस मोकळे सोडून, कानात नवे डूल झळकवत, बेगिमाय. दोन्ही घोड्यांच्या चांगली पुढे.

"माझी मोटरसायकल!" शेयशेन ओरडला.

"तुझी डोकेदुखी!" ओमुरझाक मुलीकडे वळून ओरडला.

बेगिमाय आणि एल्दियार यांच्यातलं अंतर आता कमी झालं होतं. दोघंही आपापल्या बुटांकडे बघत होते. "मेंढरं कोण राखत होतं रे तेव्हा?" शेयशेनने विचारलं. एल्दियारचे लालबुंद कानच उत्तर देत होते.

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मग तलासच्या बाजूने कुणी हसलं. बुरुलचा मावशीला राहवलं नाही. "सुयुंचू!" ती किंचाळली. "मुलं जिंकली!"

"मोटरसायकल शर्यतीत नव्हती," ओमुरझाक गुरगुरला. पण तो फोटोच्या अगदी जवळ गेला होता आणि लेकीचा हसरा चेहरा बोटाने हळूच पुसत होता, धूळ बसल्यासारखा. ती अशी हसते, हे त्याने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "पण चालवते कशी बघा! कंबर बघा, हात बघा. रक्त कुणाचं आहे शेवटी!"

"रक्त असेल तुमचं," शेयशेन त्याच्या शेजारी येऊन म्हणाला, "पण गाडी कुणाची?"

"गाडी तुमची," ओमुरझाकने कबूल केलं.

"मग दोघंही जिंकलो."

"म्हणजे दोघंही हरलो. आपण घोड्यावर होतो."

शब्द म्हणजे शब्द. शेयशेनच्या गावाहून मोटरसायकल मागवण्यात आली. बेगिमाय लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांत गाडीवर बसली, एल्दियार साईडकारमध्ये, आणि एका बाजूने ओमुरझाक, दुसऱ्या बाजूने शेयशेन असे दोघं व्याही हँडल धरून, घामाघूम होत, ती बंद गाडी अंगणभर मिरवत राहिले. टाकीत पेट्रोल नव्हतं.

मागाहून दोघांनाही तो फोटो घरात हवा झाला. काराकोलच्या दुकानदाराने दोघांनाही तेवढा कोपरा नीट कापून, त्याच्या मोठ्या प्रती काढून, चौकटीत बसवून दिल्या. उरलेलं कापड, घोडे, गवत आणि सरोवर, गुंडाळून केरिमकुलकडे परत आलं. त्याने ते दवाखान्यात खुर्चीसमोर लावलं. तिथे बसलेली माणसं त्या वाहत्या रंगांकडे बघता बघता अशी हरवतात की "आ करा" म्हणावं लागत नाही, तोंड आपोआप उघडतं.

एका संध्याकाळी ओमुरझाककडून परत येताना आसिलकान म्हणाली, "काही म्हणा, आयुष्यात एक तरी फोटो तुमचा सरळ आला. काय ती पोर, काय तो चेहरा! स्क्रू न् स्क्रू दिसतो गाडीचा."

केरिमकुल सरोवरावरून उडणाऱ्या बदकांकडे बघत होता.

"हो ना," तो हळहळून म्हणाला. "तेवढंच चुकलं."